तिकडचं पाणी

दहावीच्या परीक्षेचे दिवस आले, की आमच्या मस्तगडच्या गल्लीत आवाज कमी होतो. पोरं घरात कोंडलेली असतात, टीव्ही बंद असतात आणि आज नळ येणार की नाही या एकाच विषयावर बायका दारात उभ्या राहून हळू बोलतात. सकाळी निघताना मी तीन वस्तू तपासते: ओळखपत्र, चष्मा आणि पाण्याची बाटली. जिना उतरते, पुन्हा चढते आणि बाटली भरली आहे ना ते परत बघते. माझा स्वभावच असला. वडील म्हणायचे, "हिला काळजीचं आमंत्रण लागत न्हाई, ही पंगत बसायच्या आधी जाऊन बसती."

यंदा आम्हा प्राथमिकच्या शिक्षकांनाही पर्यवेक्षणाला बोलावलं, आणि मला एसटीने जावं लागणारं बाहेरगावचं केंद्र आलं. मी कॉपी पकडायला ठेवलेली बाई, पण माझी नजर असते बाकांवरच्या बाटल्यांकडे. परीक्षेला लेबल काढलेली, आरपार दिसणारी बाटली आणावी लागते. तिच्यातून पुष्कळ कळतं. जारचं पाणी निर्जीव स्वच्छ असतं. नळाचं किंचित पिवळट. बोअरचं पाणी दोन-चार महिने एकाच बाटलीत भरलं, की तिच्या आत पांढरा थर धरतो. कुठल्या पोराच्या घरी काय पितात हे मला त्याच्या हॉल तिकिटाआधी समजतं.

परवा गणिताचा पेपर होता. उत्तरपत्रिकांवर सह्या करत मी खिडकीजवळच्या रांगेत आले आणि एका बाटलीच्या तळाशी मला चिमूटभर वाळू दिसली. बारीक, तांबूस वाळू. वरचं पाणी नितळ. हात सहीवर होता तो तिथेच थांबला. मी हॉल तिकिटावरचं नाव वाचलं, मग त्या मुलीकडे पाहिलं. तिनेही वर पाहिलं. अश्विनी. चौथीत माझ्या वर्गात होती, तेव्हा बाकावर बसली की पाय जमिनीला टेकत नसत.

पेपर सुरू झाला होता. पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याशी बोलायचं नसतं. मला तिला एकच विचारायचं होतं, जे सहा वर्षं मी फोनवर आडून आडून विचारत आले आणि ज्याचं सरळ उत्तर मला कुणी दिलं नाही: तुम्ही अजून बेटावर राहता का, आणि तिथे गोड पाणी आहे का? मी सही केली आणि पुढच्या बाकाकडे गेले.

जालना जिल्ह्यात बेट आहे म्हटलं, की लोक माझ्या तोंडाकडे बघतात. इथे प्यायला पाणी नाही, तिथे बेट कुठलं? पण आहे. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठून नव्या गावठाणात गेलं. वरची टेकडी मात्र बुडाली नाही. तिच्यावर मेंढरांमागे हिंडणाऱ्या पंधरा-वीस घरांची वस्ती होती, ती तिथेच राहिली आणि एका पावसाळ्यात चारी बाजूंनी पाण्याने वेढली गेली. हे बेट अंबडच्या बाजूला आहे की भोकरदनच्या, ते मी लिहिणार नाही. तलावाचं नावही लिहिणार नाही. एकदा लिहून बसले आहे.

त्या वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा होती आणि मी तिथे चार वर्षं होते. रोज सकाळी जालन्याहून एसटी, मग काठापर्यंत पायी, मग होडी. मला पोहता येत नाही. होडीत मी डोळे मिटून बसायची आणि होडीवाला म्हणायचा, "मॅडम, डोळे झाकल्यानं पाणी कमी होत न्हाई."

पाणी भरपूर आणि प्यायला काही नाही, हा प्रकार मी तिथे पहिल्यांदा पाहिला. उन्हाळ्यात तलाव आक्रसायचा, काठाला काळा गाळ उघडा पडायचा आणि राहिलेल्या पाण्यावर हिरवी साय धरायची. ते पाणी मेंढरांना चाले. माणसं पीत ती झिऱ्याचं. टेकडीच्या एका अंगाला, जुन्या ओढ्याच्या वाळूत, हातभर खोल खड्डा. पावसाळ्यात टेकडीने जेवढं पाणी पोटात घेतलं, तेवढं ती उन्हाळाभर त्या खड्ड्यात थेंबाथेंबाने सोडायची. त्यात भांडं बुडवायचं नाही असा नियम होता. करवंटीने वरचं वरचं पाणी उचलायचं, घागरीच्या तोंडाला लुगड्याचं फडकं लावायचं, आणि एक घागर भरली की बाजूला होऊन पुढच्या बाईला जागा द्यायची. जाताना वर सपाट दगड आणि बाभळीचं काटेरी शिरं ठेवायचं.

आणि झिऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. हा नियम सगळ्यांत कडक होता. त्याचं नावसुद्धा घेत नसत. "पाणी कुठून आणलं?" म्हटलं, की थोरांपासून पोरांपर्यंत सगळे हनुवटी जराशी वर उचलून म्हणत, "तिकडून." तिकडून म्हणजे कुठून, ते ज्याला माहीत त्याला माहीत. बोट दाखवलं तर झिरा रुसतो म्हणे. सोजरमावशी त्या वस्तीतली सगळ्यांत जाणती बाई होती. तिच्या मेंढ्यांनी ज्या जागी खूर घासले, तिथेच तिच्या सासूने पहिल्यांदा वाळू उपसली होती असं सांगत. ती म्हणायची, "पान्याला नजर लागती, मॅडम. माणसापरीस जल्दी लागती."

मी मनातल्या मनात हसायची. मी बौद्ध घरातली, शिक्षकाची मुलगी. आमच्या घरात अंगारा-धुपाऱ्याला, नजरेला, रुसण्याफुगण्याला जागा नव्हती. शिवाय पाणी झाकून ठेवणं या गोष्टीचाच मला राग होता. माझे वडील लहानपणी विहिरीपासून लांब, हंडा घेऊन बसायचे. कुणी तरी येईल, दया करील आणि वरून ओतील, म्हणून. विहीर त्यांनी जवळून कधी पाहिलीच नाही. पुढे ते शिकले, मास्तर झाले, त्यांनी जालन्यात घर केलं. पण आमच्या घरचा माठ शेवटपर्यंत दाराजवळ असायचा आणि त्याच्यावर झाकणी ठेवली तरी त्यांची चिडचिड व्हायची. "पाणी उघडं पाहिजे," म्हणायचे. "ज्यानं झाकलं, त्यानं कुणाचं तरी दाबून ठेवलं." हे वाक्य घेऊन मी त्या बेटावर गेले होते.

पहिल्या तासाची घंटा झाली. अश्विनीने बाटली उचलली, एक घोट घेतला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली बाकाच्या आतल्या बाजूला सरकवली. ती सवय मी ओळखली. उरलेलं पाणी नजरेसमोर ठेवायचं नाही, म्हणजे तहान कमी लागते. ही सवय सोजरमावशीची. म्हणजे अजून पाणी जपून प्यावं लागतंय का? की नुसती सवय उरली आहे? की आता हे लोक नव्या गावठाणात राहतात आणि ही वाळू दुसऱ्याच कुठल्या नदीची आहे? मी वर्गाला फेऱ्या मारत राहिले. मागच्या बाकावरच्या मुलाने घाबरून माझ्याकडे तीनदा पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं, मला त्याचा संशय आला.

तंबूवाले आले ते माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी. शहरातल्या कुणी तरी टेकडीची पश्चिमेकडची बाजू भाड्याने घेतली, पांढरे तंबू लावले, रंगीत होड्या आणल्या. शनिवार-रविवार गाड्या काठाला लागायच्या आणि माणसं सूर्य बुडताना बघायला बेटावर यायची. वस्तीला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. तिघांना होड्यांवर काम मिळालं, बायकांना चुलीवर भाकरी थापायचं. आणि मला मिळालं एक नारिंगी जाकीट. बुडू नये म्हणून अंगात घालतात तसलं. त्यांचा मॅनेजर तरुण होता, अदबीने बोलायचा. म्हणाला, "मॅडम, तुम्ही रोज जीव मुठीत धरून येता, आम्हाला बरं न्हाई वाटत." मी ते जाकीट घालून दिमाखात शाळेत आले. पोरं टाळ्या वाजवत होती.

त्याच फेब्रुवारीत मी चौथीच्या वर्गाला एक उपक्रम दिला: आपल्या वस्तीचा पाण्याचा नकाशा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी खडू हातात घेऊन विचारलं, "बोला, पाणी कुठून आणतो आपण?" सगळ्या हनुवट्या वर झाल्या. "तिकडून." मला चेव आला. म्हटलं, तिकडून हे काही ठिकाणाचं नाव नाही. जे कागदावर येत नाही ते सरकारला दिसत नाही, आणि जे सरकारला दिसत नाही त्याची कुणी दुरुस्ती करत नाही. जो नीट नकाशा काढील त्याच्या वहीवर मी पाच तारे देणार.

दुसऱ्या दिवशी एकटी अश्विनी नकाशा घेऊन आली. सोजरमावशीची नात. फार सुंदर काढला होता. टेकडी, शाळा, बाभळी, मेंढरांचा वाडा. झिऱ्याच्या जागी एक निळा ठिपका. मी म्हटलं, "अगं, कळणार कसं लोकांना? बाण काढ." ती निळी पेन्सिल घेऊन थांबली. "मॅडम, बोट न्हाई ना दाखवायचं?"

"बोट कुठंय? बाण आहे तो," मी म्हणाले.

तिने बाण काढला. मी पाच तारे दिले आणि नकाशा व्हरांड्याच्या भिंतीवर लावला, सगळ्यांना दिसेल असा.

मार्चच्या सुरुवातीला मॅनेजर शाळेत आला, पर्यटकांनी दिलेल्या जुन्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. ऊन तापलं होतं. पाणी मिळेल का म्हणाला. माझ्या माठात झिऱ्याचं पाणी असायचं, वस्तीतल्या बायका आळीपाळीने आणून द्यायच्या. मी तांब्या भरून दिला. तो एका दमात प्यायला. "बाटलीच्या पाण्याला ही चव न्हाई," म्हणाला. त्यांच्या पाहुण्यांना तलावाच्या पाण्याने अंघोळ केली की अंगाला खाज सुटायची, डाळ शिजायची नाही, ते सगळं त्याने सांगितलं. मग भिंतीकडे गेला. "पोरांनी काढलं? काय बात हाय." त्याने मोबाइलवर नकाशाचा फोटो काढला. मी बाजूला उभी होते आणि खरं सांगते, मला अभिमान वाटत होता.

दहा-बारा दिवसांनी ओढ्याकडून मोटरीचा आवाज आला.

त्यांनी काही चोरून केलं नाही. झिऱ्यात सिमेंटची रिंग बसवली, पाइप टाकला, वर वस्तीसाठी एक तोटीही काढून दिली. मॅनेजर म्हणाला, आता बायकांना करवंटीनं भरत बसायला नको. पहिले आठ दिवस तोटीला धो धो पाणी आलं. पोरं त्याखाली नाचली. मीसुद्धा म्हणाले, बघा, मी सांगत होते ना. सोजरमावशी तेवढी पाणी भरायला आली नाही. ती दाराशी बसून तोटीच्या आवाजाकडे कान लावून असायची, घरात कुणी आजारी असल्यासारखी.

मग धार बारीक झाली. मग पाण्याला गाळाचा वास आला. टेकडीचं पोट रिकामं झाल्यावर खालून तलावाचं पाणी आत शिरलं होतं. तंबूवाल्यांनी मोटर बंद केली, पाहुण्यांसाठी काठावरून जार आणायला लागले. वस्तीने जार कुठून आणायचे? लोक तलावाचं पाणी पिऊ लागले. गाळून, तुरटी फिरवून. त्या पाण्यात होड्यांचं तेल होतं, तंबूंच्या मोऱ्या होत्या, हिरवी साय होती. उकळून प्या, उकळून प्या, म्हणत मी घरोघर हिंडले. सोजरमावशी म्हणाली, "जळण तुमी आणता का, मॅडम?"

चौथीच्या वार्षिक परीक्षेच्या दिवशी अश्विनी आली नाही. मी तिच्या जागेवर प्रश्नपत्रिका ठेवली आणि वाट पाहिली. अर्ध्या तासाने तिचा बाप तिला खांद्यावर टाकून काठाकडे पळताना दिसला. रात्रभर जुलाब, उलट्या. डोळे आत गेलेले. मी माझं नारिंगी जाकीट काढून तिच्या अंगाला गुंडाळलं आणि होडी सुटली. बाकीची मुलं आत पेपर लिहीत होती आणि मी काठावर उभी राहून ती होडी लहान लहान होत जाताना बघत होते. पोहता येत नसणाऱ्या माणसाला तेवढं एकच करता येतं. संध्याकाळी मी पूर्वीसारखीच जाकिटाविना, डोळे मिटून परतले.

पोर वाचली. चार दिवस सलाईनवर राहून परत आली. तोवर मी अर्ज करकरून टँकर मिळवला होता. तो टँकर तलावाच्या काठाला येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर हसायला लागला. "चारी बाजूनं पाणी अन् तुमाला टँकर? मॅडम, मी पाणी आणलंय का न्यायला आलोय?" ड्रमात भरून, होडीत घालून ते पाणी वस्तीवर गेलं.

मी सोजरमावशीकडे गेले. तिने मला बसायला घोंगडं टाकलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, चुकलं माझं."

"तुमी वाईट मनानं न्हाई केलं," ती म्हणाली. "पोरगी म्हन्ली, बाण हाय, बोट न्हाई. म्या म्हन्लं, बाणच जास्ती लांब जातो, बाई."

मी भिंतीवरून नकाशा उतरवला, तो आजही माझ्याकडे आहे, कपाटात, घडी घालून. पाच ताऱ्यांसकट.

पुढे पुष्कळ विचार केला. वडिलांचं वाक्य खोटं नव्हतं. पण त्यांच्या गावात पाणी झाकणारे दांडगे होते आणि तहानलेले दुबळे. बेटावर झाकणारेच दुबळे होते, आणि झाकण्याखेरीज त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. झिरा रुसतो हे त्यांनी पोरांना समजेल अशा भाषेत सांगितलेलं शहाणपण होतं. मी त्याच्याकडे अंधश्रद्धा म्हणून पाहिलं आणि पाच तारे देऊन मोडून काढलं. वडील असते तर मी त्यांना विचारलं असतं, की उघडं ठेवलेलं पाणी शेवटी जातं कुणाकडे?

जूनमध्ये माझी बदली झाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझ्या जिवाला घोर लागतो. सोजरमावशीच्या मुलाचा नंबर आहे, लागला तर लागतो. "पाणी आहे का रे?" म्हटलं, की तो म्हणतो, "चालू हाय, मॅडम." काय चालू आहे? जीव चालू आहे की झिरा? मी जास्त विचारत नाही. विचारण्याचा हक्क मी घालवला आहे. मोबाइलवर मात्र त्या बेटाचे फोटो मी बघते. तंबू वाढलेले दिसतात. एका फोटोत निळा हौद आहे, त्यात लोक पोहत आहेत, मागे तलाव. मी ते फोटो दोन बोटांनी मोठे करून बघते, कडेला कुठे मेंढरं दिसतात का, कुठे धूर दिसतो का. दिसत नाहीत.

शेवटची घंटा झाली. मी उत्तरपत्रिका गोळा केल्या, बैठक क्रमांक लावले, दोनदा मोजल्या, कार्यालयात जमा केल्या. तिथल्या रजिस्टरवर माझी सही दोनदा चुकली आणि केंद्रसंचालकांनी विचारलं, बीपीची गोळी घेतली का. बाहेर आले तर अश्विनी व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. उंच झाली आहे. वाकायला लागली तशी मी तिचे खांदे धरले.

"दोन तास तुमी माझ्या बाटलीकडंच बघून राह्यल्ता," ती म्हणाली. "मला वाटलं, कॉपी हाय म्हन्ता का काय बाटलीत."

"तुम्ही कुठे राहता आता?"

"कुठं म्हंजे? हाय तिथंच."

"आजी?"

"हाय की. मेंढरं कमी झाली, आवाज तेवढाच हाय." मग हसणं आवरून म्हणाली, "तंबूवाल्यांनी बोअर घेतल्ता. तो बी आटला मागच्या साली. आता ते पाणी होडीत घालून नेऊन राह्यलेत, आपण नेल्तं तसं."

तिने बाटली माझ्या हातात दिली. तळाला चार बोटं पाणी उरलं होतं. मी प्याले. कोमट झालं होतं, पण ती चव मी कुठेही ओळखीन. दातांखाली वाळूचा एक कण आला.

"गोड आहे गं," मी म्हणाले. आणि मग जे विचारायचं नव्हतं ते तोंडातून गेलंच. "कुठलं?"

व्हरांड्यात गर्दी होती. मुलं उत्तरं पडताळत होती, कुणी तरी रडत होतं. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माझ्याविषयी माया होती, हे मी शपथेवर सांगेन. पण तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले. तिने हनुवटी जराशी वर उचलली. समोर शाळेची भिंत होती.

"तिकडचं," ती म्हणाली.

वडिलांनाही असंच पाणी मिळायचं आणि विहीर दिसायची नाही. त्यांच्या मुलीवर ही वेळ आली ती तिच्याच हाताने. पण एसटीत बसल्यावर, गाडी बरीच पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ज्या प्रश्नासाठी मी सहा वर्षं झुरले त्याचं उत्तर मला मिळालं होतं. पोरीने मला सांगितलं नाही. म्हणजे झाकून ठेवण्यासारखं अजून काही तरी तिकडे आहे.